सरीसृपांचे टेरॅरियम

सरीसृपांचे टेरॅरियम ही पाळीव सरडे, पाली, साप व कासवे ठेवण्यासाठी बनवलेली बंदिस्त पेटी होय. तिला व्हायव्हेरियम असेही म्हणतात. पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एन्क्लोजर हा शब्द रूढ आहे. ही पेटी काच, प्लायवूड किंवा पीव्हीसीच्या तक्त्यांपासून बनवतात. तीत उष्णता, प्रकाश, आर्द्रता व वायुवीजन यांची योजना केलेली असते. टेरॅरियम दुकानातून तयार मिळते, कारागिराला मापे देऊन बनवून घेता येते किंवा घरी बांधता येते.

सरीसृप अनियततापी असतात, म्हणजे त्यांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या परिस्थितीनुसार बदलते. पचन, हालचाल, प्रतिकारशक्ती व हाडांची वाढ या क्रिया योग्य तापमान मिळाले तरच नीट चालतात. निसर्गात हे प्राणी ऊन व सावली यांत ये-जा करून ते साधतात. बंदिवासात प्राण्याला पेटीत जेवढे हवामान मिळेल तेवढेच उपलब्ध असते. त्यामुळे टेरॅरियमची गुणवत्ता त्याच्या दिसण्यावरून न ठरवता आतील हवामानावरून ठरवली जाते.

इतिहास

व्हायव्हेरियम हा लॅटिन शब्द असून प्राचीन रोममध्ये तो जिवंत प्राणी राखून ठेवण्याच्या जागेसाठी वापरला जाई. काचेच्या बंद पेटीत सजीव टिकवण्याच्या आधुनिक पद्धतीचा उगम लंडनचे वैद्य नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांच्या निरीक्षणात आहे. १८२९ मध्ये पतंगाचा कोष ठेवलेल्या बंद बाटलीतील ओल्या मातीत नेचे व गवत उगवल्याचे त्यांना आढळले. त्यावरून तयार झालेल्या ‘वॉर्डियन पेट्या’ प्रथम वनस्पतींसाठी वापरल्या गेल्या.

लंडन प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरीसृपांसाठी स्वतंत्र इमारत उघडण्यात आली. अशा प्रकारची ती जगातील पहिली सार्वजनिक इमारत मानली जाते. याच संग्रहालयाची १९२७ मध्ये उघडलेली नवी इमारत जोन बोशाँ प्रॉक्टर या सरीसृपतज्ज्ञ महिलेच्या आराखड्यानुसार बांधली गेली. तीत निरनिराळ्या भागांना विजेच्या साहाय्याने वेगवेगळी उष्णता देण्याची सोय होती.

रेमंड काउल्स व चार्ल्स बोगर्ट यांनी १९४४ मध्ये वाळवंटी सरीसृपांच्या तापमानविषयक गरजांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. सरडे आपले शारीरिक तापमान वर्तनाद्वारे बऱ्याच अरुंद मर्यादेत राखतात, हे त्यातून स्पष्ट झाले. पेटीच्या एका टोकाला उष्ण व दुसऱ्या टोकाला थंड जागा ठेवण्याच्या आजच्या पद्धतीमागे हाच विचार आहे. १९९० च्या दशकात सरीसृपांसाठीचे अतिनील दिवे बाजारात रुळले. २०१० मध्ये गॅरी फर्ग्युसन व सहकाऱ्यांनी निसर्गातील सरीसृपांना प्रत्यक्ष किती अतिनील किरण मिळतात याची मोजणी करून चार विभाग सुचवले. ते ‘फर्ग्युसन विभाग’ म्हणून ओळखले जातात.

कार्याचे तत्त्व

तापमान

टेरॅरियममध्ये सर्वत्र एकसारखे तापमान ठेवणे ही चूक मानली जाते. पेटीच्या एका टोकाला वरून दिवा लावून ऊन खाण्याची जागा करतात, तर दुसरे टोक थंड ठेवतात. प्राणी या दोन टोकांमध्ये फिरून स्वतःचे तापमान राखतो. त्यासाठी पेटी पुरेशी लांब असावी लागते. आखूड पेटीत एकच दिवा सर्व जागा तापवतो आणि प्राण्याला उष्णतेपासून दूर जाता येत नाही. दोन्ही टोकांना लपण्याची जागा असावी; ती एकाच टोकाला असेल, तर प्राण्याला सुरक्षितता व योग्य तापमान यांपैकी एकाचीच निवड करावी लागते.

बहुतेक जातींना रात्री तापमान काही अंशांनी उतरलेले चालते. रात्री उष्णतेची गरज असल्यास प्रकाश न देणारा सिरॅमिक तापक वापरतात. रात्रभर लाल दिवा लावण्याची जुनी पद्धत आता टाळली जाते, कारण बऱ्याच सरीसृपांना तो प्रकाश दिसतो.

प्रकाश व अतिनील किरण

सरीसृपांच्या त्वचेवर सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील (जंबुपार) किरण पडले असता ड३ जीवनसत्त्वाची निर्मिती सुरू होते. अन्नातील कॅल्शियम शोषले जाण्यासाठी हे जीवनसत्त्व आवश्यक असते. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्यामुळे काचेआडून येणाऱ्या उन्हाचा या कामी उपयोग होत नाही. झाकणाची बारीक जाळीही विणीनुसार एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक किरण अडवू शकते. म्हणून दिवा जाळीच्या वर आहे की खाली, आणि प्राण्याच्या पाठीपासून किती अंतरावर आहे, हे बांधणीपूर्वीच ठरवावे लागते.

अतिनील दिवा व उष्णतेचा दिवा एकाच बाजूला, वरून खाली प्रकाश पडेल असे बसवतात. बाजूने येणारा अतिनील प्रकाश डोळ्यांना इजा करू शकतो. पेटीची दुसरी बाजू सावलीत राहिली पाहिजे. दिव्यातून दिसणारा प्रकाश कायम राहिला, तरी त्यातील अतिनील किरण हळूहळू घटत जातात. त्यामुळे दिवा ठरावीक मुदतीने बदलतात किंवा अतिनील निर्देशांक मापकाने तपासतात.

आर्द्रता व वायुवीजन

हवा आत घेणारी जाळी पेटीच्या खालच्या भागात, तर बाहेर सोडणारी जाळी विरुद्ध बाजूला वरच्या भागात ठेवतात. गरम हवा वर चढून बाहेर पडते आणि तिची जागा खालून येणारी ताजी हवा घेते. दमट अरण्यातील जातींनाही हवा खेळती लागते. आर्द्रता वाढवण्यासाठी जाळ्या बंद केल्यास हवा कोंडते, बुरशी वाढते व श्वसनमार्गाच्या संसर्गाचा धोका निर्माण होतो. मातीचा जाड थर ठेवून तो खालून ओलसर राखणे हा अधिक सुरक्षित उपाय होय.

आकारमान

पेटीचे माप प्रौढ प्राण्याच्या आकारावरून ठरवतात. जर्मनीत १९९७ मध्ये तज्ज्ञांनी तयार केलेल्या किमान निकषांत लांबी, रुंदी व उंची प्राण्याच्या शरीरलांबीच्या पटीत दिलेली आहे. सापांच्या बाबतीत मतभेद आहेत. सापाच्या लांबीपेक्षा आखूड पेटी पुरेशी असल्याचे पूर्वी मानले जाई. आता सापाला पूर्ण ताणून पसरता येईल एवढी लांबी असावी, असे मत बळावले आहे. खणांच्या कप्प्यांत साप ठेवण्याच्या व्यापारी पद्धतीवर याच कारणाने टीका होते.

नेहमी पाळल्या जाणाऱ्या काही जातींसाठी प्रचलित शिफारशी पुढीलप्रमाणे आहेत. मापे लांबी × रुंदी × उंची अशी असून किमान समजावीत.

• बियर्डेड ड्रॅगन (ऑस्ट्रेलियातील सरडा): १२० × ६० × ६० सेंमी, ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग ३८ ते ४२ °से., थंड टोक २२ ते २६ °से.; कोरडी हवा; तीव्र अतिनील प्रकाश (फर्ग्युसन विभाग ३).
• लेपर्ड गेको (दक्षिण आशियातील पाल): ९० × ४५ × ४५ सेंमी, उष्ण पृष्ठभाग ३२ ते ३५ °से., थंड टोक २२ ते २५ °से.; कात टाकण्यासाठी एक ओलसर बीळ; सौम्य अतिनील प्रकाश (विभाग १).
• बॉल पायथन (आफ्रिकेतील लहान अजगर): १२० × ६० × ६० सेंमी, उष्ण टोक ३१ ते ३३ °से., थंड टोक २४ ते २७ °से.; आर्द्रता ६० ते ८० टक्के.
• कॉर्न स्नेक (अमेरिकेतील बिनविषारी साप): १२० × ६० × ६० सेंमी, उष्ण टोक २८ ते ३२ °से., थंड टोक २२ ते २४ °से.; मध्यम आर्द्रता.
• वेल्ड कॅमेलियन (येमेन व सौदी अरेबियातील सरडा): ६० × ६० × १२० सेंमी, म्हणजे उभी पेटी, वरच्या फांदीवर २९ ते ३२ °से.; भरपूर हवा व जाळी.

हिरवा इग्वाना पिल्लू असताना तळहातावर मावतो. प्रौढपणी शेपटीसह त्याची लांबी दीड मीटर किंवा अधिक होते. त्याला खोलीएवढी जागा लागते व दुकानात मिळणारी कोणतीही लहान पेटी पुरत नाही.

साहित्य

काच : स्वच्छ करण्यास सोपी व ओलाव्याने न बिघडणारी असते. मात्र ती जड असते व उष्णता लवकर बाहेर टाकते. १२० × ६० × ६० सेंमी मापाच्या, जाळीचे झाकण असलेल्या पेटीला ६ मिमी काच वापरल्यास केवळ काचेचेच वजन सुमारे ४३ किलोग्रॅम भरते. चारही बाजूंनी पारदर्शक पेटीत काही प्राणी काचेवर सतत धडपडतात व त्यांचे नाक सोलवटते. म्हणून मागची व बाजूंची काच बाहेरून झाकतात.

प्लायवूड : उष्णता चांगली टिकवते आणि सुतारकामास सोपे असते. भारतात ओलाव्यासाठी आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लाय वापरणे श्रेयस्कर ठरते. वाळवी व भुंगे लागू नयेत म्हणून अशा प्लायवर रसायनांची प्रक्रिया केलेली असते. त्यामुळे आतील सर्व पृष्ठभाग व कापलेल्या कडा लेपाने पूर्ण बंद करणे आवश्यक असते.

पीव्हीसी फोमबोर्ड : हलका असतो, पाण्याने फुगत नाही व त्यावर बुरशी धरत नाही. वरील मापाच्या पेटीला १० मिमी तक्ता वापरल्यास त्याचे वजन सुमारे १४ ते १७ किलोग्रॅम भरते. कोकणासारख्या दमट हवेत तो विशेष उपयुक्त ठरतो. दिव्याजवळ मात्र तो मऊ पडून वाकू शकतो. म्हणून दिवा व छत यांत अंतर ठेवावे लागते.

पार्टिकल बोर्ड व एमडीएफ स्वस्त असले, तरी कडेतून पाणी शिरल्यावर फुगतात. सीडारसारख्या उग्र वासाच्या लाकडातील तैलद्रव्ये सरीसृपांना अपायकारक असल्याने ते पेटीसाठी किंवा भुशासाठी वापरत नाहीत.

बांधणी

४ × २ × २ फूट हे माप घरगुती बांधणीत विशेष प्रचलित आहे. बाजारात प्लाय ८ × ४ फूट आकाराच्या तक्त्यांत मिळते. एका तक्त्याचे ४ × २ फुटांचे चार तुकडे होतात. त्यांतील तीन तळ, छत व पाठ यांसाठी वापरतात आणि चौथा मधोमध कापून दोन बाजू बनवतात. अशा प्रकारे पुढील दार सोडून संपूर्ण पेटी एकाच तक्त्यात बसते. करवतीच्या कापात प्रत्येक वेळी काही मिलिमीटर जातात. शिवाय प्लायची जाडी वजा होते. त्यामुळे आतील माप बाहेरील मापापेक्षा थोडे कमी भरते.

दार समोरून उघडणारे असावे. वरून येणारा हात अनेक सरीसृपांना भक्षक पक्ष्यासारखा वाटतो व ते बिथरतात. सरकत्या काचांसाठी वर व खाली खाचपट्टी बसवतात. खालच्या खाचपट्टीखाली १० ते १५ सेंमी उंचीची आडवी फळी ठेवल्यास मातीचा थर बाहेर सांडत नाही व खाचेत वाळू अडकत नाही. साप सरकत्या काचेची फट नाकाने ढकलून रुंद करू शकतो, म्हणून काचेला कुलूप लावतात. पिलांच्या पेटीत तारेची छिद्रे व जाळीच्या कडा विशेष तपासाव्या लागतात.

सर्व सांधे सिलिकॉनने भरतात. बुरशीनाशक मिसळलेले स्नानगृहासाठीचे सिलिकॉन टाळून मत्स्यालयासाठीचे सिलिकॉन निवडतात. लाकडाला पाण्यात विरघळणाऱ्या पॉलियुरेथेन वार्निशचे दोन ते तीन हात देतात. वार्निश हाताला कोरडे लागले, तरी त्यातून वाफ निघत असते. ती पेटीतील उष्णतेने वाढते. त्यामुळे दिवे लावूनही वास येईनासा होईपर्यंत पेटी उघडी ठेवतात. याला एक ते दोन आठवडे लागू शकतात.

तयार पेटी घेणे व मापानुसार बनवून घेणे

तयार पेटी वेळ वाचवते. परंतु तिची मापे बहुधा दुकानात व वाहनात मावण्याच्या सोयीने ठरलेली असतात. प्राण्यासह दिवा, पेटी व वाळू यांचा एकत्र संच विकत घेताना त्यातील प्रत्येक वस्तू त्या जातीला योग्य आहे का, हे तपासावे लागते. गोल मत्स्यपात्रात किंवा लहान प्लास्टिकच्या डब्यात विकली जाणारी पाणकासवे हे या दोषाचे परिचित उदाहरण आहे. भारतात सर्रास विकल्या जाणाऱ्या लाल कानाच्या कासवाचे कवच प्रौढपणी २० सेंमीहून अधिक लांब होते. त्याला पोहण्यासाठी खोल पाणी, पाणी गाळण्याची यंत्रणा व अतिनील दिव्याखाली कोरडी जागा लागते.

कारागिराकडून पेटी बनवून घेताना दिलेली मापे आतील की बाहेरील, वायुवीजनाच्या जाळ्या व तारांची छिद्रे कोठे, छताला दिवा टांगण्यास आधार कोठे आणि काचेची जाडी किती, हे लिखित स्वरूपात ठरवतात. टफन्ड काच नंतर कापता किंवा भोकता येत नाही, म्हणून तिच्यातील छिद्रे आधीच करून घ्यावी लागतात. एकावर एक पेट्या रचायच्या असल्यास खालच्या पेटीच्या दिव्यांमुळे वरच्या पेटीचा तळ तापतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

वापरलेली लाकडी पेटी घेणे धोक्याचे असते. सापांवरील गोचीडसदृश माइट सांध्यांत व फटींत लपतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी ब्लीचसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. काचेची किंवा पीव्हीसीची पेटी घासून व वाफेने स्वच्छ करता येते. लेप निघालेले लाकूड निर्जंतुक होत नाही.

विद्युत सुरक्षितता व चाचणी

प्रत्येक तापकाला थर्मोस्टॅट जोडलेला असतो. तापकाला सिरॅमिकचे होल्डर लागते. प्लास्टिकचे होल्डर वितळून आग लागू शकते. प्राणी पोहोचेल अशा दिव्याभोवती तारेची जाळी बसवतात. थर्मोस्टॅटचा संवेदक प्राण्याने हलवू नये अशा रीतीने पक्का करतात. तो सरकून थंड बाजूला गेल्यास तापक बंद होत नाही आणि पेटी तापत राहते. वीजजोडणी आरसीसीबीतून घेतात. तार सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर नेतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटात जात नाही.

पेटी थेट उन्हात ठेवत नाहीत. बंद काचेत उष्णता साठून तापमान थोड्या वेळात प्राणघातक होऊ शकते. थर्मोस्टॅट तापक बंद करू शकतो. पेटी खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. विदर्भासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ °से.पर्यंत जाते. तेथे पेटी कोणत्या खोलीत ठेवायची हा प्रश्न तापकाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पूर्ण झालेली पेटी प्राणी आणण्यापूर्वी किमान काही दिवस रिकामी चालवून पाहतात. ऊन खाण्याची जागा, थंड टोक व लपण्याच्या जागा यांची तापमाने दिवसा व रात्री वेगवेगळी नोंदवतात. काचेला चिकटवायचे घड्याळी तापमापक त्या जागेच्या हवेचेच तापमान दाखवतात; पृष्ठभागासाठी अवरक्त तापमापक वापरतात.

सदोष पेटीचे परिणाम

सरीसृप वेदना व अशक्तपणा सहजासहजी दाखवत नाहीत. त्यामुळे पेटीतील दोष बहुधा उशिरा लक्षात येतो. अतिनील प्रकाश व कॅल्शियम अपुरे पडल्यास शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी हाडांतील कॅल्शियम काढून घेते. या विकाराला चयापचयी अस्थिविकार म्हणतात. जबडा मऊ पडणे, पाय वाकणे, अंगाला कंप सुटणे व हाडे मोडणे ही त्याची लक्षणे होत. उपचाराने विकार थांबवता येतो. वाकलेली हाडे मात्र बहुधा पूर्ववत होत नाहीत.

तळाशी ठेवलेले तापणारे कृत्रिम दगड व थर्मोस्टॅट नसलेल्या तापगाद्या यांमुळे पोटावर भाजल्याच्या जखमा होतात. सरीसृपांना उष्णता वरून, सूर्याकडून मिळण्याची सवय असते. पोटाखालील पृष्ठभाग भाजण्याइतका तापला, तरी ते अनेकदा तेथून हलत नाहीत. अपुऱ्या उष्णतेत अन्न पचत नाही व प्राणी खाणे सोडतो. कोरड्या पेटीत कात तुकड्यातुकड्यांनी निघते व बोटांभोवती अडकून बोटे झडतात.

सरीसृपांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू माणसांत येऊ शकतात. या कारणास्तव अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर निर्बंध आहेत. पेटीतील भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत व पेटी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, असे सांगितले जाते.

कायदा

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित देशी सरीसृप पाळणे हा गुन्हा आहे. भारतीय अजगर, घोरपड व तारा कासव (स्टार कासव) यांना तो लागू होतो, मग त्यांची पेटी कितीही चांगली असो. तारा कासवाचा समावेश २०१९ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला. बॉल पायथन, हिरवा इग्वाना व वेल्ड कॅमेलियन या विदेशी जाती दुसऱ्या परिशिष्टात आहेत. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार साइट्सच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले असून अर्ज ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावर करावयाचा असतो.

नॉर्वेमध्ये सरीसृप पाळण्यावर अनेक दशके बंदी होती. २०१७ मध्ये ती शिथिल करून १९ जातींना परवानगी देण्यात आली.

पाळणे जमेनासे झाल्यावर विदेशी सरीसृप तळ्यात किंवा रानात सोडून दिल्यास ते स्थानिक जातींचे अन्न व जागा बळकावतात. लाल कानाचे कासव जगाच्या अनेक भागांत याच मार्गाने पसरले आहे. प्राण्याच्या संपूर्ण आयुष्यभरासाठी पुरेल एवढी पेटी, जागा व विजेचा खर्च यांची तयारी तो आणण्यापूर्वीच करावी, या सर्वमान्य सल्ल्यामागे हेही एक कारण आहे. बॉल पायथन बंदिवासात २० ते ३० वर्षे, तर कासवांच्या काही जाती त्याहून अधिक काळ जगतात.